मुक्काम पोस्ट लष्कर

गेल्या मे महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने ग्वाल्हेरला जाणे झाले. माझी भाची तिथे लष्करातल्या नई सडकेवर राहते. तिच्या सासरच्या मंडळींची ग्वाल्हेरात सहावी की सातवी पिढी चालू आहे. नेमका आकडा घरात कुणालाच सांगता येईना. उन्हे अशी की सकाळी नऊनंतर घराबाहेर डोके काढण्याची सोय नाही. पण भाचीचा मुलगा भर दुपारी घरामागच्या मोकळ्या जागेत ठाकठोक करीत होता. मी जाऊन पाहिले. जीपच्या मागे जोडायची एक दोनचाकी लोखंडी ट्रॉली त्याने कुणाकडून तरी जुनी विकत घेतली होती आणि तिला वरून छप्पर, बाजूने भिंती, असा साज चढवणे चालले होते.

"आजोबा, ही आधी माल ढोवायची," तो मला त्याच्या ग्वाल्हेरी मराठीत सांगू लागला, "आता हिच्यात घर बनवतोय. कॅम्पर."

तळाला जाड प्लायवूड, पत्रा तापू नये म्हणून भिंतींच्या पोटात थर्मोकोल, दिवसा बाक आणि रात्री पलंग होईल अशी घडीची फळी, कोपऱ्यात शेगडी, वर पाण्याची टाकी, आणि वारा यावा म्हणून पत्रा कापून काढलेली खिडकी. वजन दोन्ही चाकांवर सारखे पडले पाहिजे, पाण्याची टाकी एका अंगाला आली तर ट्रॉली रस्त्यावर डुलते, हे त्याने मला समजावून दिले. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ नोंदीत बदल होईल असा फेरफार परवानगीवाचून करता येत नाही, हे मी त्याला समजावून दिले. हेडमास्तरकीची सवय, दुसरे काय! त्यावर तो म्हणाला, "कागद दिलेत ऑफिसात. दिवाळीला आई-बाबांना घेऊन सातारा-वाईकडे निघायचंय. आपलं मूळ गाव तिकडेच ना?"

मी म्हटले, "बाळ, तू नवीन काही करीत नाहीस. ज्या शहरात तू हे करतो आहेस, ते शहरच मुळी असे झालेले आहे."

त्याला ते पटले नसावे. म्हणून त्या संध्याकाळी गच्चीवर बसून जे सांगितले, तेच आपल्या भागातल्या वाचकांसाठी थोडे नीट मांडून लिहितो.

'लष्कर' हे ग्वाल्हेरातल्या एका वस्तीचे नाव आहे, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. पण लष्करात हिंडताना तिथल्या मोहल्ल्यांच्या पाट्या वाचल्या तर नवल वाटते. चिटणीस की गोठ, निंबालकर की गोठ, शिंदे की छावनी, खासगी बाजार, पाटनकर बाजार, जिन्सी नाला, कम्पू, हुजरात. विभक्तिप्रत्यय हिंदी, शब्द आपले. आता हा 'गोठ' म्हणजे गुराढोरांचा गोठा नव्हे. मूळ शब्द 'गोट'. सैन्याच्या तळातला एकेका सरदाराचा वेगळा भाग म्हणजे गोट. वर्तमानपत्रांत 'विरोधी गोटात खळबळ' असे आपण आजही वाचतो, तो हाच. हुजुरात म्हणजे खुद्द धन्याची पागा. जिन्सी म्हणजे तोफा आणि सरकारी सामानसुमान. कंपू म्हणजे फिरंगी पद्धतीची कवायत शिकलेली पलटणींची फौज. शब्द युरोपीय 'कॅम्प'च्या कुळातला. आज आपण त्याची कंपूशाही करून टाकली, तो भाग निराळा.

सारांश, लष्करचा नकाशा हा शहराचा नकाशा नाहीच. एका फिरत्या तळाने एके दिवशी चाके थांबवली आणि तो जिथल्या तिथे गोठून गेला, त्याचा तो नकाशा आहे. मग नई सडक वगैरे नावे नंतरची. 'नई' हे विशेषणच सांगते की तिच्याआधी जुने काहीतरी होते.

हा तळ फिरता कसा झाला, हे पाहण्याजोगे आहे. शिवछत्रपतींच्या वेळची शिस्त सभासद बखरीत दिलेली आहे. लष्कराने पावसाळ्यात परत मुलखात यावे, दसऱ्याला बाहेर पडावे, आठ महिने परमुलखात राहावे. आणि लष्करात बायको, बटीक, कलावंतीण कुणी नसावी. म्हणजे त्या वेळी घर गावात आणि घोडा मोहिमेवर, अशी स्वच्छ वाटणी होती. पाऊस आला की शिपाई आपल्या कौलाखाली.

अठराव्या शतकात ही वाटणी मोडली. तिचे कारण साधे आहे, अंतर. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे शिंदे माळव्यात आणि पुढे दिल्लीपर्यंत गेले. तिथून दर पावसाळ्यात कृष्णाकाठी परतणे शक्यच नव्हते. माणूस घरी जाऊ शकेना, तेव्हा घरच माणसामागे निघाले. बायका आल्या, पोरे आली, भटजी, सोनार, शिंपी, न्हावी, वाणी, तांबोळी आले. लढणाऱ्यांहून न लढणाऱ्यांची संख्या जास्त झाली. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना बाजारबुणगे म्हणतात आणि पानिपताचा बराचसा दोष त्यांच्या माथी मारतात. लष्करी हिशेबाने तो खराही असेल. पण या बुणग्यांनी एक विद्या कमावली होती, तिची नोंद कुणी फारशी घेतली नाही. माल वाहण्याच्या साधनात संसार मांडायचा, उद्या तो मोडायचा आणि परवा पुन्हा तस्साच मांडायचा, अशी ती विद्या.

ती नोंद घेतली एका इंग्रजाने. थॉमस ड्यूअर ब्रॉटन हा दौलतराव शिंद्यांच्या दरबारी असलेल्या ब्रिटिश रेसिडेंटाच्या संरक्षक तुकडीचा अधिकारी. १८०९ साली दौलतरावांचा तळ राजपुतान्यात फिरत होता, तेव्हा त्याच्याबरोबर राहून याने जी पत्रे लिहिली, ती १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापली गेली. ब्रॉटनची नजर परक्याची आहे, नाक मुरडणारी आहे. पण डोळे उघडे आहेत.

तो सांगतो की कूच झाले म्हणजे बिनीवाला पुढे जाई आणि नव्या जागी एक लहान पांढरे निशाण रोवी. ते महाराजांच्या ड्योढीचे ठिकाण. मग वेगवेगळ्या बाजारांची निशाणे त्या निशाणाच्या मानाने लागत, आणि दर मुक्कामी त्यांची जागा शक्यतो तीच असे. बाजार सरळ रेषेत, एकमेकांना समांतर. आणि तळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा एक लांब रस्ता. दुतर्फा दुकाने. दुकान म्हणजे काय, तर बांबूंवर ताणलेले जाड कांबळे, म्हणजे पाल. त्याच पालात दुकानदार बायकापोरांसह वर्षानुवर्षे राहत.

वाचकहो, या वर्णनातली एकच गोष्ट मला फार मोठी वाटते. जमीन रोज नवी होती, पण शेजार तोच होता. सोनाराच्या डाव्या हाताला काल जो शिंपी होता, तोच आजही. अंधारात वाट चुकलेले पोर विचारत असेल, ते 'हे गाव कुठले' असे नव्हे, तर 'निशाण कुठे आहे' एवढेच. निशाण सापडले की घर सापडले. घर म्हणजे जागा नव्हे, मांडणी. हे त्या तळावरच्या लोकांना कुणी न शिकवता कळलेले होते.

या फिरत्या गावात आपल्या शेजारचीही माणसे होती. दौलतरावांची राणी बायजाबाई ही निपाणीहून हाकेच्या अंतरावर असलेल्या कागलची, घाटग्यांची लेक. १७९८ साली पुण्यात लग्न झाले आणि त्यानंतर तिचा संसार नवऱ्याच्या तळाबरोबर फिरत राहिला. तिचे वडील सर्जेराव घाटगे १८०९ साली याच तळावर मारले गेले. कागलच्या मुलीने ग्वाल्हेरची गादी पुढे १८२७ ते १८३३ अशी सांभाळली.

तळ थांबला तो पराभवानंतर. २३ सप्टेंबर १८०३ ला असई, १ नोव्हेंबरला लासवारी, आणि ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावचा तह. दिल्ली-आग्रा गेले. ग्वाल्हेरचा किल्ला हातातून गेला, तो १८०५ च्या तहाने परत आला. आता दूर मोहिमा काढायला मुलूख उरला नव्हता. १८१० साली दौलतरावांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि राजधानी उज्जैनहून तिथे आली. तळावरच्या कुणालाही हे शहर वसते आहे असे त्या दिवशी वाटले नसेल. बिनीवाल्याने नेहमीसारखे निशाण रोवले असेल, नेहमीसारखी पाले पडली असतील. पावसाळा आला तेव्हा कांबळ्याभोवती मातीची भिंत चढली असेल, पुढच्या वर्षी कांबळ्याच्या जागी गवताचे छप्पर, त्याच्या पुढे कौले. छकड्याचे बैल म्हातारे झाले, साट्याच्या फळ्यांचे दार झाले. कूच करण्याचा हुकूम येईल येईल म्हणता आलाच नाही. नाव मात्र कुणी बदलले नाही. शहर झाले तरी लष्करच.

हे सगळे मी इतक्या खात्रीने सांगतो, कारण माल वाहणारी गाडी घर होताना मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहे. निपाणीजवळच्या आमच्या गावातून मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला गाड्या जात. आजोबांची गाडी एरवी तंबाखूची नाहीतर शेणखताची. जत्रेच्या आधी चार दिवस ती ओढ्यात घालून खरडून धुवायची. चाकांना वंगण. साट्याच्या दोन्ही अंगांना वेळूच्या कांबी वाकवून कमानी, वर तट्ट्या, त्यावर घोंगडी. तळाला कडबा हातभर जाड, त्यावर वाकळ. कडबा हा बैलांचा परतीचा शिधाही असे. घराची गादी वाटेत थोडीथोडी खाल्ली जाई. खाली आखाला कंदील, मागे पाण्याची घागर. आमचे कानडी शेजारी तिला चक्कडी म्हणत, आम्ही छकडा म्हणायचो. शब्द एकाच चाकाच्या दोन धावा. चार-पाच मुक्काम जायला, तेवढेच यायला.

गाडी कितीही धुतली तरी तंबाखूचा वास जात नसे. पण पहिल्या दिवशी मी चपलेसकट आत चढलो, तेव्हा आजी कडाडली, "चपला काढ! काल ह्यात खत व्हतं, आज घर हाय!" मला वाटते गाडीचे घर सुताराने केले नाही, आजीच्या त्या एका वाक्याने केले. जत्रेहून आल्यावर आठ दिवसांत त्याच गाडीत पुन्हा खत पडले आणि कुणाला त्याचे काही वाटले नाही.

उलट, गाडीलाच कायमचे घर मानणारेही लोक आहेत. ग्वाल्हेरच्या रस्त्यांच्या कडेला गाडिया लोहारांच्या गाड्या मी या खेपेसही पाहिल्या. १५६८ साली चितोड पडले तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी चितोड परत मिळेपर्यंत छपराखाली राहायचे नाही, खाटेवर निजायचे नाही, असा पण केला, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांच्या गाडीवर खाट उलटी ठेवलेली असते. एप्रिल १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडच्या किल्ल्यात नेले आणि पण संपला असे जाहीर झाले. तरी कित्येक गाड्या अजून रस्त्यावरच आहेत. पण नुसता फिटून भागत नाही, उतरायला जमीनही लागते. शिंद्यांच्या बुणग्यांनी कसलाच पण केला नव्हता, आणि त्यांना जमीन मिळाली. इतिहासाचा न्याय असाच असतो.

शिंदे घराण्याने वाहनाचे रूप पालटण्याचा हाच खेळ पुढे पाण्यावरही केला. 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाची टपाल आणि उतारू वाहणारी बोट पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. तिच्या खोल्यांत जखमी शिपायांच्या खाटा मांडल्या गेल्या, नाव 'लॉयल्टी' झाले. १९१९ मध्ये तीच बोट 'सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन' या स्वदेशी कंपनीने घेतली आणि ५ एप्रिलला ती मुंबईहून विलायतेला निघाली. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. बोट तीच, आत कोण आणि कशासाठी बसले, त्यावर तिची जात ठरली.

इथवर सांगून झाले तेव्हा मुलगा म्हणाला, "आजोबा, हे तर जुनं झालं. आता असं कोण राहतं?"

मी गप्प झालो. कारण मला उत्तर ठाऊक होते आणि ते माझ्याच शाळेच्या दारात येऊन गेलेले होते.

दिवाळी झाली की आपल्या भागात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येऊ लागतात. बीडकडून, आणखी कुठकुठून. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. त्यांत ज्वारीची पोती, पत्रे, चुली, भांडी, शेळ्या, खुराड्यात कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेली माणसे. येताना त्या ट्रॉलीत संसार असतो. कारखान्याच्या तळावर तो उतरला, कोप्या उभ्या राहिल्या, की दुसऱ्या दिवसापासून त्याच ट्रॉलीत ऊस. चार-पाच महिन्यांनी पट्टा पडला की पुन्हा संसार. 'तळ' हा शब्दही तोच आहे, शिंद्यांच्या वेळचा.

काही वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या अखेरीस, असाच एक बाप आपल्या मुलीला घेऊन माझ्या खोलीत आला. मुलगी आठवीची. म्हणाला, "सर, पोरगी हुशार हाय. चार महिनं बसू द्या वर्गात." मी दोन ओळी वाचायला दिल्या. तिने न अडखळता वाचल्या. प्रवेशाचा अर्ज पुढे ओढला. नाव झाले, जन्मतारीख झाली. पत्त्याच्या रकान्याशी लेखनिकांनी पेन थांबवले. "कायमचा पत्ता? आणि इथला?"

मुलगी म्हणाली, "कारखान्याच्या तळावर, तिसरी ओळ, मुकादमाच्या कोपीपासून चौथी."

लेखनिक हसले. मीही हसलो. आणि म्हणालो, "आधी मागच्या शाळेचा दाखला घेऊन या, मग बघू." शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा मला पाठ होता. दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही हे मी शिक्षकांच्या सभेत स्वतः सांगितले होते. मी प्रवेश नाकारला नाही. फक्त दाखला मागितला. शे-दोनशे मैलांवरचा दाखला उसाच्या फडातून कोण आणणार? ती पुन्हा आली नाही. फेब्रुवारीत मी एकदा तळावर गेलो. तिसऱ्या ओळीत चौथ्या जागी चुलीची राख होती. टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेली होती.

नई सडकेवरच्या त्या गच्चीवर हे मला आठवले आणि ब्रॉटनचे पान नव्याने समजले. मुलीने दिलेला पत्ता अर्धवट नव्हता. निशाणापासून कितवी ओळ, ओळीत कितवे पाल. शिंद्यांच्या तळावर हजारो मराठी माणसांचा पत्ता असाच होता. त्यांच्याच सातव्या पिढीच्या घरी मी जेवलो होतो. त्या पत्त्याचे शहर झाले म्हणून त्याला इतिहास म्हणायचे, आणि हिचे झाले नाही म्हणून हसायचे, हा कुठला न्याय? मी इतिहासाचा एम. ए. तीस वर्षे हा विषय शिकवला, आणि एक छोटी बुणगी दारात उभी राहिली तेव्हा तिला ओळखले नाही.

आपण स्थिरावलेली माणसे. आपण दोन भाषांच्या शिवेवर राहतो. १९५६ साली राज्यांच्या रेषा फिरल्या, आपली घरे होती तिथेच राहिली आणि पत्ता बदलला. तरी पत्त्याची सुरुवात आपण काय लिहून करतो? 'मु. पो.' मुक्काम पोस्ट. सात पिढ्या एका वाड्यात काढलेला माणूसही कागदावर स्वतःला मुक्कामालाच उतरलेला म्हणवतो. भाषेने जे लक्षात ठेवले, ते आपण विसरलो.

निघायच्या दिवशी भाचीने ट्रॉलीच्या दाराला हळदकुंकू लावले. मी आत डोकावायला पाय टाकला, तोच मुलगा म्हणाला, "आजोबा, चप्पल बाहेर." मी काढली. आमची आजी त्याने पाहिलेली नव्हती.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ट्रॉल्या येऊ लागल्या असतील. लेखनिकांना मी आताच सांगून ठेवले आहे. दाखला मागाहून आपण पत्राने मागवायचा. मूल आले की त्याच दिवशी वर्गात बसवायचे, आणि पत्ता ते सांगेल तसाच लिहायचा: मुक्काम तळ, तिसरी ओळ, चौथी कोपी.